वस्तीला ‘नको’ म्हणता येईल असा अभ्यासक्रम आखा: इंदूरच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य, अभ्यास मंडळे,
इंदूरमधली अभियांत्रिकी, वास्तुकला आणि डिझाइन महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडे अभ्यासक्रमांची कापाकाप चालू आहे आणि ‘समाजसहभाग’ हा शब्द प्रत्येक मसुद्यात दिसतो. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे (एआयसीटीई) बी.टेक.साठी १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट (वर्गाबाहेरच्या समाजकामाचे गुण) आहेत, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२० मध्ये सुचवलेला २ क्रेडिटचा अभ्यासक्रम आहे, शिक्षणसंस्थांना गावांशी जोडणाऱ्या उन्नत भारत अभियानाखाली २०१४ पासून दत्तक घेतलेली गावं आहेत. कागदावर तरतूद नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. आमचं म्हणणं तरतुदीच्या आतल्या रचनेबद्दल आहे आणि मागणी एकच आहे. ज्या वस्तीसाठी विद्यार्थी एखादी वस्तू घडवतात, त्या वस्तीला ती नाकारता आली पाहिजे. आणि ती नाकारली गेली म्हणून विद्यार्थ्याचे गुण जाता कामा नयेत.

आज नकाराला जागाच नाही. ऑगस्टमध्ये विषय ठरतो, सप्टेंबरमध्ये गुगल फॉर्म फिरतो, ऑक्टोबरमध्ये मॉडेल तयार होतं आणि नोव्हेंबरच्या ज्यूरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) ‘वर्किंग मॉडेल’ला सर्वाधिक गुण असतात. अशा वेळापत्रकात एखाद्या बाईने “आम्हाला हे नकोच” असं सांगितलं, तर विद्यार्थी ते वाक्य अहवालातून गाळणार. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही गाळलं असतं. इथे दोष त्याच्या नीतिमत्तेचा नाही, गुणपत्रिकेचा आहे.

हा विषय इंदूरला नवा नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला शहररचनेचा अहवाल दिला. त्याआधी त्यांनी गल्ल्या पायी तुडवल्या आणि मग नकाशाला हात घातला. प्लेगच्या त्या काळात दिवाळीच्या मिरवणुकीबद्दल त्यांनी जाहीर केलं की ती ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांनी आपली घरं सर्वांत चांगली झाडून-दुरुस्त करून ठेवली असतील, तिथून जाईल. म्हणजे मार्ग लोकांच्या हातात दिला. त्याच अहवालाचा दुसरा भाग इंदूरमध्ये व्हावयाच्या विद्यापीठाबद्दल आहे, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या वर्गात सांगितली जावी असं आम्हाला वाटतं. पुढे १९८० च्या दशकात कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या मिनिमम कॉस्ट हाउसिंग ग्रुपने (कमी खर्चाच्या घरांवर काम करणाऱ्या गटाने) इंदूरच्या वस्त्यांचा अभ्यास केला. त्यांनी फक्त खोल्या मोजल्या नाहीत. ओटे, झाडं, हातगाड्या उभ्या करायची जागा, गल्लीतली छोटी दुकानं हेही मोजलं. मग वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींची ‘अरण्य’ ही इंदूरची गृहवसाहत आली: सुमारे ६५०० भूखंड, सर्वांत गरिबांसाठी साधारण ३५ चौरस मीटर, त्यावर जोता, संडास-न्हाणी, फार तर एक खोली आणि पुढचं घर कुटुंबाने ठरवायचं. नमुना म्हणून ८० घरं बांधून दाखवली. तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार १९९५ मध्ये मिळाला. अरण्यचा प्लॅन विद्यार्थ्यांना पाठ असतो. त्यात काय मुद्दाम अपुरं सोडलं होतं, हे मात्र परीक्षेत विचारलं जात नाही.

याच शहरात वस्त्यांना मलवाहिन्यांच्या जाळ्याने जोडणारं स्लम नेटवर्किंगही झालं. त्याला १९९८ मध्ये तोच पुरस्कार मिळाला आणि नंतर तुंबलेल्या वाहिन्या, देखभाल आणि वस्तीच्या सहभागाबद्दल कडक टीकाही झाली. दोन्ही बाजू एकाच तासाला शिकवता येतील इतकं साहित्य उपलब्ध आहे.

सहभागी डिझाइनचं, म्हणजे वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन वस्तू घडवण्याच्या रीतीचं, मूळ कारखान्यात आहे, हेही लक्षात असू द्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत संगणकशास्त्रज्ञ क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी लोखंड-धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं, कारण संगणक येणार होते आणि ते कसे यावेत यात कामगारांना बोलायचं होतं. १९८१ ते ८५ च्या स्कँडिनेव्हियातल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात छापखान्याच्या कामगारांनी पुठ्ठ्याचा रिकामा खोका टेबलावर ठेवून त्याला लेझर प्रिंटर मानलं आणि कामाची मांडणी करून पाहिली. खोका हलवता येतो, फेकता येतो. खरं यंत्र आल्यावर फक्त त्याच्याशी जुळवून घेता येतं. गिरण्यांच्या या शहरात ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.

आता तपशील. आधी वेळ.

एक तासाचे दोन पीरियड काढून क्षेत्रकाम होत नाही; आठवड्यातून सलग चार तासांचा एक ब्लॉक लागतो. गटात पाच विद्यार्थी, एका वस्तीत जास्तीत जास्त चार गट आणि त्या वीस जणांमागे एक शिक्षक पूर्ण वेळ हजर. वीसपेक्षा जास्त मुलं गल्लीत उभी राहिली की कामाची सभा संपते, तमाशा सुरू होतो. घरकाम करणाऱ्या बायका साधारण दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, मजुरीवर जाणारे रात्री आठनंतर. नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं. नळाच्या वेळी बैठक ठेवली तर कुणीही येणार नाही आणि त्याची नोंद मात्र ‘अल्प प्रतिसाद’ अशी होईल. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची कुटुंबं होळीआधी भगोरिया या आदिवासी हाटासाठी गावी जातात, तो आठवडा रिकामा धरा. गिरणी भागात अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचे (चित्ररथांचे) दिवसही तसेच. शिक्षकाचे हे चार तास त्याच्या अध्यापनभारात पूर्ण चार तास म्हणूनच मोजा. नाहीतर उत्साही शिक्षक दोन वर्षांत थकतो आणि विषय प्रयोगशाळा सहायकाच्या गळ्यात पडतो.

प्रवेश कुणाच्या मार्फत करायचा, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. स्थानिक नेत्याने बोलावलेल्या बैठकीत त्याची माणसं पुढे बसतात आणि बायका दाराशी उभ्या राहतात. आशा आणि अंगणवाडीताईंना सगळी घरं माहीत असतात, पण त्यांच्यावर आधीच रजिस्टरांचा डोंगर आहे. त्यांना मदत मागायची असेल तर तिचा मोबदला द्या. पहिल्या भेटीत मोजपट्टी बाहेर काढू नका. मध्य प्रदेशात शहरी भूमिहीनांना जागेचा हक्क (पट्टा) देणाऱ्या १९८४ च्या पट्टा कायद्यापासून गल्लीतली मोजणी म्हणजे एकतर पट्टा मिळणार किंवा घर पडणार, असंच लोक समजतात. टेप दिसला की उत्तरं बदलतात. रेशनकार्ड, घराची मालकी, उत्पन्न हे प्रश्न तर पहिल्या महिन्यात विचारूच नयेत, आणि डिझाइनला त्यांची गरज नसेल तर कधीच विचारू नयेत. नकाशा हवा असेल तर जमिनीवर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) काढायला लावा. ग्रामीण भागात सहभागी पाहणीची ही रीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली आहे आणि तिचं साधं कारण असं की फक्की हाताने पुसता येते. लॅपटॉपवरचा नकाशा दुरुस्त करायला विद्यार्थ्याची परवानगी लागते.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही विद्यार्थ्यांच्या आवडीची.

पहिलं, रॅम्प. जोता ४५ सेंमी आणि उतार १:१२ धरला तर ५.४ मीटर लांबी लागते, वर-खाली व्हीलचेअर थांबायला जागा वेगळी. गल्ली दोन मीटरची. संगणकावरच्या (कॅडच्या) प्लॅनवर तो रॅम्प गल्लीच्या कडेने आडवा बसतो, कारण प्लॅनमध्ये ओटा, नालीचं झाकण, कूलरचा स्टँड आणि मोटारसायकल दाखवलेल्याच नसतात. पण खरी अडचण त्याहून वेगळी आहे. गल्लीचं काँक्रीट दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकून होतं, गल्ली वर येते, जोता खाली जातो आणि पावसात पाणी घरात शिरतं. म्हणून घरातली सून उंबरा वाढवायला सांगते आणि चालता न येणारे सासरे तो कमी करायला. एकाच घरात दोन विरुद्ध मागण्या. प्रश्नावलीत सुनेचं उत्तर नोंदवलं जातं, कारण दार ती उघडते. दोघांना एकत्र बसवून प्रत्यक्ष मापाच्या फळ्या मांडल्याशिवाय हा पेच सुटत नाही. उत्तर कदाचित मदतनीसाबरोबर वापरायचा, काढून ठेवता येणारा लाकडी रॅम्प असेल. आखडलेल्या जागेत त्याचा उतार १:८ पर्यंत जाईल. तो स्वतंत्रपणे वापरण्याजोगा नाही, हे स्पष्ट लिहून द्यावं लागेल. कदाचित उत्तर रॅम्प नसेलच. न्हाणी दाराजवळ आणणं असेल.

दुसरं, ठेला. पोहे किंवा फळं विकणाऱ्याची चार सायकल-चाकांची गाडी ‘सुधारायची’ म्हणजे सोलर पॅनल, छत, एलईडी आणि घडीचं टेबल, हे ठरलेलंच. विक्रेत्याच्या अडचणी दुसऱ्याच असतात. गाडीची रुंदी रस्त्यावरून ठरत नाही. रात्री ती ज्या बोळात लावली जाते त्या बोळावरून ठरते. तो बोळ विद्यार्थ्यांनी पाहिलेलाच नसतो, कारण ते दुपारी येतात. छत आलं की वारा भरतो आणि जुन्या शहरात लोंबणाऱ्या केबल अडकतात. वजन वाढलं की नगर निगमची रिमूव्हलची (अतिक्रमण हटवणारी) गाडी दिसताच ठेला ढकलणं कठीण होतं. शिवाय कित्येक ठेले रोजाच्या भाड्याचे असतात. वापरणारा एक आणि मालक दुसरा. मग त्यात भोक पाडायची परवानगी कुणाकडून घेतली? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर विक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विद्यार्थ्यांची पहिली ज्यूरी या सदस्यांपुढे व्हायला काय हरकत आहे?

प्रतिकृतीबद्दल एक नियम अभ्यासक्रमात ठळकपणे लिहा: पहिली प्रतिकृती प्रत्यक्ष मापाची, कात्रीने कापता येईल अशी, आणि एक नव्हे, दोन वेगवेगळ्या. एकच दाखवली की उत्तर ठरलेलं असतं: “अच्छा है भिया.” पाहुण्यांसमोर वाईट बोलायची रीत नाही. दोन ठेवल्या की लोक तुलना करतात, आणि तुलना करताना खरं बोलतात. एका गटाला लागणारं सामान असं: आठ फुटी बांबू ८ ते १०, पाच पदरी पुठ्ठ्याचे मोठे ताव १०, सुतळीचे २ बंडल, केबल टाय १००, मास्किंग टेप ४ रोल, फक्की २ किलो, दोन कात्र्या आणि दोन कटर. त्यातली एक कात्री वस्तीतल्या माणसाच्या हातात द्यायची आणि विद्यार्थ्याने मागे उभं राहायचं. हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. मुलं पुन्हा पुन्हा पुढे होऊन समजावू लागतात. थर्मोकोलचं चकचकीत १:१० मॉडेल ज्यूरीसाठी ठीक असेल. त्यावर ‘पोळी लाटताना कोपर कुठे आदळेल’ हे कळत नाही.

पक्की वस्तू बनवताना काय बिघडतं ते थोडक्यात. थ्रीडी प्रिंटरचे पीएलए प्लास्टिकचे भाग ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात आणि मे महिन्यात पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीवर तेवढं तापमान सहज येतं. १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरचा चौकोनी पाइप गल्लीतल्या आर्क वेल्डिंगने जळून भोक पडतं. १६ गेज घ्या आणि वेल्डरला अडीच मिलिमीटरचा रॉड वापरायला सांगा. ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) टाळा. एम८ आणि एम१० चे षटकोनी बोल्ट असतील तर १३ आणि १७ चा पाना प्रत्येक सायकल दुकानात असतो. सेन्सर बसवणार असाल तर सिमचं रिचार्ज दुसऱ्या वर्षी कोण करणार, त्याचं नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल तर सेन्सर बसवू नका. आणि फॅब्रिकेशन कॉलेजच्या वर्कशॉपपेक्षा वस्तीजवळच्या वेल्डरकडे करा, कारण दुरुस्तीही तोच करणार आहे. इथे आपला खरेदी विभाग आडवा येतो: तीन कोटेशन आणि जीएसटी बिल. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे दोन्ही नसतं. यासाठी शिक्षकाच्या नावावर छोटी अग्रिम रक्कम आणि साध्या पावतीवर खर्च मंजूर करण्याची सोय लागेल. हा ठराव अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत नाही, पण मंडळाने शिफारस केल्याशिवाय तो होणारही नाही.

पैशांची वाटणी आम्ही अशी सुचवतो: प्रकल्पाच्या रकमेतला निम्मा भाग साहित्य आणि घडणावळीवर, २० टक्के वस्तीतल्या लोकांच्या वेळेच्या मोबदल्यावर, ३० टक्के पुढच्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला. तीन तासांच्या बैठकीला किमान अर्ध्या दिवसाची अकुशल मजुरी, त्याच दिवशी, रोख किंवा यूपीआयने. पैसे दिले की सहभाग ‘विकत’ होतो, असा आक्षेप येतो. त्या खोलीत विद्यार्थ्याला क्रेडिट मिळतं, शिक्षकाला पगार मिळतो. फुकट बसलेली माणसं फक्त तीच, ज्यांचं ज्ञान वापरलं जातं.

आता गुण. वस्तीतल्या लोकांनाच गुण द्यायला सांगावं, ही कल्पना आकर्षक आहे आणि आम्ही तिच्या विरोधात आहोत. लोक पोरांना पूर्ण गुण देतात. कुणाच्या लेकराला नापास का करायचं? समाधानाचे फॉर्मही त्याच कारणाने निरुपयोगी. त्याऐवजी बदल-नोंदवही तपासा. पहिल्या प्रतिकृतीपासून शेवटच्या वस्तूपर्यंत काय बदललं, कोणत्या तारखेला, कुणाच्या सांगण्यावरून, आणि कोणती सूचना मानली नाही व का. ज्या नोंदवहीत एकही मोठा बदल नाही, तिथे सहभाग झाला नाही असं मानायला हरकत नाही. १०० पैकी ३० गुण या नोंदवहीला, २० दोन्ही प्रतिकृतींना, २० अडचणींच्या समजुतीला, १५ सुपुर्दीच्या (वस्तू वस्तीच्या हवाली करतानाच्या) कागदांना, १५ वैयक्तिक तोंडी परीक्षेला. पूर्ण झालेल्या वस्तूला स्वतंत्र गुण नाहीत, हे आम्ही जाणूनबुजून सुचवत आहोत.

नकाराचं कलम असं असावं: दुसऱ्या प्रतिकृतीनंतर वस्तीने वस्तू नाकारली आणि कारणं नोंदलेली असतील, तर गट पूर्ण गुणांना पात्र. सुपुर्दीच्या कागदांऐवजी तो नकाराचा अहवाल देईल. आळशी गट याचा फायदा घेतील, ही शंका रास्त आहे. त्यावर इलाज आहेत: दोन्ही प्रतिकृतींचे तारखेसह फोटो (वस्तूचे, माणसांचे नव्हे) आणि शिक्षकाने न कळवता जाऊन निदान दोन घरांशी केलेली बातचीत. खोटा नकार दहा मिनिटांत उघडा पडतो. खोटा होकार मात्र वर्षानुवर्षं पोस्टरवर टिकतो.

सुपुर्दीचे कागद म्हणजे चकचकीत अहवाल नव्हे. एका पानावर मापांसह चित्र, सुट्या भागांची यादी, ते भाग इंदूरमध्ये कुठे मिळतात, वेल्डरचं दुकान, वंगण कधी द्यायचं, आणि वस्तू काढून टाकायची असेल तर कशी काढायची. हिंदीत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून. पुढच्या बॅचचं पहिलं काम मागच्या बॅचची वस्तू दुरुस्त करणं असावं. गंज कुठून सुरू झाला, कोणता बोल्ट ढिला झाला, कोणता भाग लोकांनी कापून टाकला, हे पाहिल्याशिवाय नवी चित्रं काढू देऊ नका. यंत्ररचनेच्या तासाला शिकवलेला ‘फटीग’ (वारंवार ताण येऊन धातूचं थकणं) इथे हाताला लागतो.

एक मुद्दा आपल्यापैकी काहींना टोचेल. महाविद्यालयांच्या क्रमवारीत पेटंटची संख्या मोजली जाते, म्हणून प्रकल्प संपताच अर्ज जातो. कायद्याला ‘खरा आणि पहिला संशोधक’ लागतो. ठेल्याच्या दांड्याला स्प्रिंग लावायची युक्ती विक्रेत्याची असेल तर त्याचं नाव अर्जात हवं, आभारात नव्हे. शिवाय अर्जाआधी वस्तू गल्लीत उघडपणे वापरली गेली असेल तर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो. बहुतेक वेळा शहाणपण यात आहे की पेटंटचा नाद सोडावा आणि चित्र सगळ्यांना खुलं ठेवावं. जे ठरेल ते सुरुवातीलाच एका पानावर लिहून, मोठ्याने वाचून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

हे सगळं एकदम लागू करा, असं आमचं म्हणणं नाही. येत्या जानेवारीच्या सत्रात एका शाखेत, एका वस्तीत, चार गटांवर सुरू करा. नकाराचं कलम आणि ३० टक्के दुरुस्तीनिधी या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात, कारण त्या नंतर कधीच जोडल्या जात नाहीत. अभ्यास मंडळात उद्योग प्रतिनिधीसाठी जागा असते. पुढच्या बैठकीला त्या जागेच्या शेजारी एक फॅब्रिकेटर आणि विक्रय समितीतली एक विक्रेती यांना निमंत्रित सदस्य म्हणून बोलवा. कार्यपत्रिका त्यांना आठ दिवस आधी हिंदीत पाठवा. बैठक भत्ता उद्योग प्रतिनिधीला देता तेवढाच त्यांनाही द्या.

कळावे,
आपले,
इंदूरमधले काही अभियंते, वास्तुरचनाकार आणि वस्त्यांमध्ये काम करणारे